अळणी लोणी

गुल्वेनने बोराएवढा लाल मुळा शेपटीला धरून लोण्यात घोळवला, कचकन चावला, पावाच्या तुकड्यावरही बोटभर जाड लोणी फासलं, आणि म्हणाला, "फार छान."

मारीझने मान वर केली. मुळ्यात एवढं फार छान काय असतं? एप्रिलचे मुळे, कोवळे, जरा तिखट, दरवर्षी असतात तसे. तिने सुरीच्या टोकावर इवलंसं लोणी घेऊन जिभेला लावलं. काहीतरी कमी होतं, आणि ते काय हेच क्षणभर तिला कळेना. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की आधी नुसतं चुकल्याचुकल्यासारखं होतं, तसं झालं. मग कळलं. मीठ. लोणी अळणी होतं. सकाळी दुकानात चष्मा पर्समध्येच ठेवून तिने घाईघाईत शेजारचं भलतंच पाकीट उचललं होतं. चूक तेवढीच, कुणाच्याही हातून व्हावी अशी. पण फ्रान्सच्या पश्चिमेला, ब्रतान्यच्या किनाऱ्यावर जन्मलेला माणूस, ज्याच्या तोंडात आईच्या दुधानंतर थेट पाव आणि खारं लोणीच पडलं, ज्याने लग्नापासून आजपर्यंत अळणी लोण्याला 'सायकलचं वंगण' याखेरीज दुसरं नाव दिलं नाही, तो समोर बसून तेच वंगण पावाला लावून खात होता आणि फार छान म्हणत होता. नुसता म्हणत नव्हता, तिच्याकडे बघून हसतही होता.

"तू घे ना," तो म्हणाला. "थांबलीस का?"

"घेते," मारीझ म्हणाली, आणि तिने मुळा कोराच खाल्ला. जेवण आटोपल्यावर तिने लोण्याचं पाकीट फ्रीजमध्ये अगदी मागे, मुरंब्याच्या बरण्यांआड ढकललं. चोरी आपली की त्याची हे तिला नक्की ठरवता येईना.

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटलं नसतं. नवऱ्याने जेवणाला छान म्हटलं म्हणून बायको धास्तावली, असं कुणी ऐकलंय का? पण बाहेरच्या माणसाला गुल्वेन माहीत नव्हता. त्याने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पेपर वीस गुणांचा असे. वीस देवाला, एकोणीस मास्तरांना, उरलेले पोरांनी आपसांत वाटून घ्यावेत, असं तो वर्गात सांगायचा आणि प्रत्यक्षात चौदाच्या वर त्याचा हात कधी गेला नाही. घरीही तेच. सॉसला बारा, सुपाला साडेदहा, पोरीच्या लग्नातल्या केकला, व्याह्यांच्या देखत, अकरा. आणि एखादं काही खरोखर जिवाला लागलंच, तर तो काटा खाली ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि म्हणायचा, "वाईट नाही." त्याच्या पलीकडे शब्द नव्हता. तीच पोर, एनोरा, जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला दोन्ही हातांवर घेऊन तो कितीतरी वेळ बघत राहिला होता, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता, आणि शेवटी त्याच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं होतं: "वाईट नाही." नर्स रागाने त्याच्याकडे बघायला लागली. मारीझला टाके पडलेले, तरी उशीत तोंड खुपसून हसू आवरेना.

सुरुवातीला हे तिला झेपलं नव्हतं. ती लोरेनची, देशाच्या पार दुसऱ्या, पूर्वेकडच्या टोकाची. तिच्या माहेरी जेवणाला नावं ठेवणं म्हणजे आईच्या तोंडावर दार आपटणं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती न्हाणीघरात जाऊन रडायची. मग केव्हातरी, कशावरून ते आता आठवत नाही, तिच्या ध्यानात आलं, की ज्याला सॉसमध्ये अर्धा कांदा जास्त झालेला कळतो, तो माणूस जेवताना दुसरं काही करत नसतो. मैत्रिणींचे नवरे ताटात काय आहे हे न बघता पेपर वाचत जेवायचे आणि छान झालंय म्हणायचे. तिचा नवरा तिच्या हातचा घास तोंडात घोळवायचा, भुवया चढवायचा, आणि सांगायचा की मिरी आज तू उशिरा घातलीस. तिने खरंच उशिरा घातलेली असायची. हळूहळू तिला त्या कुरकुरीची चटक लागली. कुरकुर आली नाही तर जेवण अर्धंच झाल्यासारखं वाटायचं.

आणि जानेवारीपासून कुरकुर गेली होती. गुल्वेन तळघरात सायडरची, सफरचंदाच्या दारूची, बाटली आणायला उतरला आणि ओल्या पायरीवरून घसरला, डोकं मागच्या बाजूने कठड्याला आपटलं. दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं, डोक्याचे फोटो काढले, काही नाही म्हणाले, घरी पाठवलं. त्या आठवड्यात तिने नुसतं बटाट्याचं सूप केलं होतं, लक्ष सगळं त्याच्या उशाशी, त्यात काय पडलं काय राहिलं देव जाणे. गुल्वेन म्हणाला, "छान." तिला भरून आलं. मरणाच्या दारातून माणूस आला की त्याला सूपसुद्धा गोड लागतं, असं तिने मनाशी म्हटलं. पण मग फेब्रुवारी आला, मार्च आला, आणि छान काही थांबेना. फोनवर एनोरा म्हणाली, "आई, बाबा सुधारले तर तुला आनंद नको का? आम्ही लहानपणी नवस बोलायचो यासाठी!" मारीझ हसली आणि फोन ठेवून तशीच उभी राहिली. लोरेनची तिची आजी म्हणायची, कुरकुरणारं दार एकाएकी गप्प झालं तर आधी तेल कुणी घातलं ते बघावं. आजीने हे कुणा शेजारणीच्या नवऱ्याबद्दल म्हटलं होतं, आणि तिथलं तेल वेगळं होतं. गुल्वेनच्या बाबतीत तसलं काही मनात आणणं म्हणजे कहर होता, पण एका दुपारी मारीझने तेही मनात आणून पाहिलं, आणि स्वतःशीच लाजून खिडक्यांच्या काचा पुसायला घेतल्या. मग दुसरी शंका आली, आणि ती जाईना. माणसं निघायच्या आधी गोड होतात. दवाखान्यातल्या त्या फोटोंत काहीतरी निघालं असेल, डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं असेल, आणि आता हा उरलेले दिवस सगळ्यांशी चांगलं वागून जाणार असेल. अळणी लोणी गिळण्याइतकं चांगलं.

म्हणून संध्याकाळी स्टेक करायचं तिने ठरवलं. कोंबडीबद्दल तो एकवेळ गप्प बसेल, माशाबद्दलही बसेल, पण स्टेकच्या बाबतीत गुल्वेन गप्प बसूच शकत नाही. तो त्याला जेमतेम भाजलेला लागतो, बाहेरून काळा आणि आत लालबुंद, जनावराला नुसती शेकोटी दाखवून परत आणल्यासारखा. जरा जास्त झाला की त्याचं व्याख्यान सुरू होतं, आणि त्यात मारीझचं माहेर येतं, लोरेनचा पाऊस येतो, पूर्वेकडच्या लोकांचा मांस उकळायचा रानटीपणा येतो. ते व्याख्यान ऐकायला मिळालं तर तिचा जीव भांड्यात पडणार होता.

खाटकाच्या दुकानात तांगी एकटाच होता. त्याच्या बापाच्या वेळेपासून ल गॉफांचं मांस इथलंच ठरलेलं, तांगीला तिने गल्ल्यामागे खोक्यावर बसून अभ्यास करताना पाहिलेलं.

"या मादाम ल गॉफ! आज मास्तर नाहीत बरोबर?"

"घरी आहेत. बावेतचे दोन तुकडे दे. बरे बघून दे."

"वाईट मी कधी दिले?" त्याने पोटाकडचा तो लांब धाग्यांचा पट्टा फळीवर पसरला आणि सुरी उचलली, मग सुरी तशीच धरून म्हणाला, "एक विचारू? रागवायचं नाही. मास्तरांची तब्येत बरी आहे ना?"

"का रे?"

"परवा येऊन गेले. कलेजी घेतली, पैसे दिले, आभारी आहे म्हणाले, गेले."

"मग?"

"मग काय मग! बोललेच नाहीत हो काही! एरवी सुरीची धार बघतात, धाग्याच्या उलट काप म्हणतात, तुझ्या बापाचा हात होता तो हात म्हणतात. बाबा म्हणायचे, हा माणूस दुकानात शिरला की माझ्या छातीत धडधडतं, आणि नाही आला तर दिवस फुकट जातो. परवा ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, अगं, मास्तरांनी दुसरा खाटीक धरला वाटतं, आज निरोप घ्यायला आले होते."

"काहीतरीच. तुला सोडून जातायत कुठे," मारीझ म्हणाली. पण निरोप हा शब्द तिच्याबरोबर दुकानातून बाहेर पडला आणि घरापर्यंत आला.

स्वयंपाकघरात संध्याकाळचं ऊन ओट्यावर तिरकं पडलं होतं. पलीकडच्या खोलीत गुल्वेन खुर्चीत बसून नकाशांचं जुनं पुस्तक चाळत होता. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मारीझने पालक पाण्यात सोडला. पालकाला माती फार. पानं दाबावीत, उचलावीत, पाणी ओतावं, तळाशी वाळू राहते; पुन्हा पाणी, पुन्हा वाळू. हे तिला सासूने शिकवलं होतं, वरच्या किनाऱ्यावर, वाऱ्यात वाकलेल्या त्या दगडी घरात, जिथे दारासमोर फ्लॉवरचे मळे आणि मळ्यांच्या पुढे समुद्र होता. ती पहिल्यांदा त्या घरी गेली तेव्हा होणाऱ्या सासूला आपल्याकडचा आलुबुखाऱ्याचा टार्ट करून घालावा, म्हणून हौसेने सगळं सामान बरोबर घेऊन गेली होती. पिशवीतून लोण्याचं पाकीट काढून तिने टेबलावर ठेवलं. सासूने ते दोन बोटांनी उचललं, उजेडात धरलं, वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम काळजी दिसली. अगदी मऊ आवाजात तिने विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का, पोरी?" त्या घरात अळणी लोणी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय येतच नसे. मारीझ रडवेली झाली आणि गुल्वेन भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सासूला मात्र त्यात हसण्यासारखं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून ते वाक्य घरचंच झालं. सुपात मीठ कमी पडलं, हॉटेलात फिक्कं काही आलं, एखाद्या लग्नात भाषण रटाळ झालं, की गुल्वेन तिच्याकडे झुकायचा आणि आईचा आवाज काढून विचारायचा, घरात कोणी आजारी आहे का? दुपारी, मुळ्यांच्या वेळी, ती कशाची वाट बघत होती ते तिला आता, हात गार पाण्यात असताना कळलं. ती त्या वाक्याची वाट बघत होती.

तिने पानं निथळत ठेवली आणि बिडाचा तवा चढवला. हे जेवण घाईचं म्हणतात ते खरंच: पालक भांड्यात घालून झाकण ठेवायची फुरसत की तो ढीग खाली बसतो, लोणी, जायफळ, झालं, तव्यावर मांस टाकलं, उलटलं, काढलं, त्याच तव्यात बारीक चिरलेले कांदे परतले, झालं. नोकरीत असताना ती दुकानातून उशिरा यायची तेव्हा हेच करायची. चष्म्यांचं दुकान. सबंध आयुष्य तिने लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत काढलं होतं: आता बरं दिसतंय की आधी बरं होतं? आणि लोक, गंमत म्हणजे, खोटं बोलायचे. तिला बरं वाटावं म्हणून बोलायचे. बसचा एक ड्रायव्हर यायचा, आडदांड, भला माणूस. नोकरी जाईल या भीतीने समोरचा अक्षरांचा तक्ता त्याने पाठ केला होता आणि वरपासून खालपर्यंत तो घडाघडा म्हणायचा. तिने त्याला पहिल्याच वेळी ओळखलं. खरं वाचणारा माणूस अडखळतो, डोळे बारीक करतो, हे एफ आहे की पी म्हणून वैतागतो. जो अडखळत नाही तो वाचत नसतो. तिने त्याला जवळ बसवून, हळू आवाजात, आपल्याला कळलंय असं सांगितलं होतं, तेव्हा त्या आडदांड माणसाने सुटल्यासारखा श्वास सोडला होता.

मारीझच्या हातातला चमचा थांबला. छान, फार छान, उत्तम. जानेवारीपासून गुल्वेन एकदाही अडखळला नव्हता.

तिने मुरंब्यांच्या आडून लोणी काढलं आणि पालकात घातलं. खारं लोणी असतं तर मीठ वेगळं घालायचा प्रश्न नव्हता. आज घालायला हवं होतं. तिने बरणीतून चिमूटभर नव्हे, मूठभर जाडं मीठ घेतलं आणि हात तसाच भांड्यावर धरून ठेवला. नवऱ्याची परीक्षा घ्यायची, ताटावर बसवून, ही काही चांगल्या घरची रीत नव्हे. पण घातलं नाही तर कळणार कसं? तव्यातून बारीक धूर यायला लागला होता, तिने दुसऱ्या हाताने मांस टाकलं, ते चर्रर्र करून ओरडलं, आणि त्या आवाजात तिला मार्चमधला तो दिवस आठवला. ते दोघं किनाऱ्यावर गेले होते, सासूच्या थडग्यावर फुलं ठेवायला. ओहोटी होती, खडकांवर शेवाळाच्या तपकिरी दोऱ्यांचे ढीगच्या ढीग उघडे पडले होते, आणि त्यांचा तो वास, आयोडिनचा, सडक्या दोरखंडाचा, जो पहिल्यांदा आला तेव्हा मारीझने नाकाला रुमाल लावला होता आणि गुल्वेन म्हणाला होता, मी मेल्यावर मला फुलं नकोत, हे एक टोपलंभर आणून ठेव. समुद्रापासून लांब, इथे रेन शहरात इतकी वर्षं राहून तो म्हणायचा की पश्चिमेचा वारा सुटला की आपल्याला इथेसुद्धा तो वास येतो. खोटं, पण गोड खोटं. त्या दिवशी तो एकटा खाली उतरला, शेवाळात बुटांनी चालत गेला, आणि तोंड वर करून उभा राहिला. खूप वेळ. खांदे वर जात होते, खाली येत होते. मग वाकून त्याने एक पट्टा उचलला आणि चेहऱ्याशी धरला. वर गाडीजवळ उभ्या असलेल्या मारीझला वाटलं, आईची आठवण येतेय त्याला, एकटं राहू द्यावं. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "चल," तो म्हणाला, "वारा फार आहे." तिने तेच खरं मानलं. बाई गं, तुझ्या डोळ्यांदेखत माणूस तिथे उभा होता, सगळा तक्ता कोरा झालेला, आणि तुला वाटलं वारा आहे!

"अहाहा!" पलीकडच्या खोलीतून गुल्वेनचा आवाज आला. "काय सुरेख वास सुटलाय!"

मारीझने खाली बघितलं. मांस केव्हाच हवं त्याच्या पुढे गेलं होतं, कडा वर वळल्या होत्या. आणि तव्याच्या कडेला तिने केव्हा टाकले तेही आठवत नसलेले कांदे काळेठिक्कर पडून धुमसत होते. घरभर जळकट वास भरला होता. तिच्या घशात तो बसला होता, डोळ्यांत झोंबत होता. तिने गॅस बंद केला. मिठाची मूठ तशीच मिटलेली ठेवून एका हाताने कांदे खरवडून कचऱ्यात टाकले. पालक ताटात वाढला, मांस वाढलं, लोण्याचं पाकीट त्याच्या अळणी नावासकट टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि हाक मारली.

तो आला, रुमाल मांडीवर पसरला, मांसाचा तुकडा कापला. सुरी जड चालत होती. तो चावत राहिला, बराच वेळ.

"कसं झालंय?" मारीझने जन्मात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. विचारायची वेळच आली नव्हती.

"उत्तम."

"पालक?"

"पालकही उत्तम. मऊ झालाय."

"आणि कांदे?"

"कांदे तर फारच..." गुल्वेनचा काटा ताटात कांदे शोधायला लागला. मांसाखाली बघितलं, पालकाच्या कडेला बघितलं. तो अडखळला. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

"कांदे जळले," मारीझ म्हणाली. "कचऱ्यात आहेत. तू सुरेख वास म्हणालास ना, तेव्हा त्यांचा कोळसा होत होता. पालकात मीठ नाही. आणि हे," तिने पाकीट त्याच्यापुढे सरकवलं, "हे दुपारपासून अळणी आहे."

त्याने पाकीट हातात घेतलं. सवयीने नाकाशी नेलं, आणि अर्ध्यावरच हात खाली आणला. पाकिटावरची अक्षरं त्याने वाचली, उलटून पुन्हा वाचली. तो आता हसेल, असं तिला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने आईचा तो मऊ आवाज काढायला सुरुवात केली.

"घरात कोणी आजारी..." आणि मग तो आईचा आवाज राहिला नाही, त्याचाच झाला. "आहे का?"

"आहे," मारीझ म्हणाली. "कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून." तो लोण्याकडेच बघत होता. "शुद्धीवर आलो तेव्हा नर्सने कॉफी दिली. मला वाटलं गरम पाणी दिलंय. आंबट जरा टोचतं. बाकी ओलं, कोरडं, गरम, गार. बस्स."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"येईल परत, म्हणाले. नाहीतर नाही येणार."

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"मी?" गुल्वेनने चकित होऊन वर बघितलं. "का? मी का मरू?"

मारीझने हाताने तोंड झाकलं. मग तो काढून ती ओरडली, "गाढवा! मी इथे तुझं थडगं कुठे खणायचं याच्या विचारात, आणि तू... मला का नाही सांगितलंस? आम्ही काय परके होतो?"

"काय सांगू?" तोही चिडला, आणि त्याचा चिडका आवाज तिला इतका गोड लागला की तिने मध्ये तोंड घातलं नाही. "तू सकाळपासून उभी राहून करतेस. मला काही कळत नाही म्हटल्यावर कुणासाठी करशील? आणि नावं ठेवू कशाला? नावं ठेवायची तर चव कळावी लागते, मारीझ. मिरी जास्त म्हणावं आणि तू मिरी घातलेलीच नसावी. मग? पकडला गेलो असतो. छान म्हणायला काय लागतं, नुसतं तोंड पुरतं."

धूर आता छताजवळ विरत चालला होता. जन्मभर ज्याच्या हाताखाली आपण पेपर लिहिले, तो परीक्षक इतके महिने आंधळ्यासारखा चाचपडत बसला होता आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून चौदाच्या वर गुण उधळत होता, हे मारीझच्या मनात आलं आणि त्याच्याबद्दल तिला इतकी माया वाटली की ती उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. त्याचा हात धरायला तिने आपली मूठ उघडली, तर तळव्याला मीठ चिकटलेलं होतं, घामाने ओलं झालेलं. ते तिने त्याच्या ताटावर झटकलं, उरलेलं आपल्या ताटावर.

"खाल्ल्या मिठाला जाग आता," ती म्हणाली. "यापुढे खोटं बोलायचं नाही."

"बरं." तो ताटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग तू सांग."

"काय?"

"पालक. कसा आहे?"

मारीझने घास घेतला. हे खातं तिचं कधीच नव्हतं. चवीला शब्द शोधायचं काम या घरात त्याचं. "गरम आहे," ती म्हणाली.

"ते मला कळतं."

"मऊ आहे."

"तेही कळतं. उत्तर नीट लिहा, बाई."

तिने डोळे मिटले. "आधी मीठ. टोकाला, जिथे पडलंय तिथेच. मग लोण्याचा साईसारखा पदर. मग मागून लोखंड येतं. लहानपणी थंडीत शाळेच्या फाटकाला जीभ लावतो ना आपण, तसं. ते जात नाही तोवर जायफळ. आजीच्या लोकरीच्या कपाटात तोंड घातल्यासारखं."

"राहतं का?"

"हो."

"किती?"

ती थांबली. "अजून आहे."

गुल्वेनने काटा खाली ठेवला. भुवया चढल्या. "म्हणजे जायफळ जास्त घातलंस. किती वेळा सांगितलंय तुला, जायफळ किसणीला नुसतं दाखवायचं असतं, किसायचं नसतं! पालकाची भाजी करायची होती की सांतासाठी बिस्किटं?"

मारीझने अजून एक घास घेऊन पाहिला. जास्तच झालं होतं. ती हसायला लागली आणि तिला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहून हनुवटीवर आलं.

"हसू नकोस," तो म्हणाला. त्याचा चेहरा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. "आणि हे मांस. हे सांगायला तुझी गरज नाही, दात माझे मलाच आहेत. हा जोड्याचा तळवा आहे. लोरेनचा, पावसाळी. आणि चष्मा! जन्म चष्म्याच्या दुकानात गेला बाईचा आणि लोण्याचं पाकीट वाचता येत नाही."

"किती देतोस?"

तो खिडकीबाहेर बघत खूप वेळ विचार करत राहिला, शेवटच्या बाकावरच्या पोराला पास करावं की नाही असा.

"सात," तो म्हणाला. "वीसपैकी."

इतके कमी गुण तिला सबंध संसारात कधी पडले नव्हते. मारीझने बाहीने तोंड पुसलं, त्या चिवट तुकड्याचा पुढचा घास कापला आणि सावकाश चावायला लागली, कारण आता तिला दोघांसाठी चावायचं होतं.